सहा नंबरची रेघ

मी जात्याच शंकेखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यात फोटोचं दुकान. इमाबारी बंदरामागच्या दुसऱ्या गल्लीत आमचं ‘ओची फोटो’ आहे आणि गावातल्या निम्म्या घरांची रिळं माझ्या हातून धुतली जातात. लोक पाकीट घेऊन जातात आणि विसरतात, पण सहलीला कोण कुणाच्या शेजारी उभं होतं ते माझ्या लक्षात राहतं. त्याचा मी कधी कुणाला त्रास दिलेला नाही. मात्र विश्वास म्हणून जो काही असतो, तो माझा माणसांपेक्षा निगेटिव्हवर जास्त.

दुकानात पडद्यामागे फोटो काढायची जागा आहे. तिथे एक लांब बाकडं आहे, सासऱ्यांच्या वेळचं. त्याचा खिडकीकडचा एक पाय आखूड आहे. कुणी त्या टोकाला बसलं की ठक्‌ वाजून ते खाली टेकतं, उठलं की पुन्हा वर येतं. गिऱ्हाईक दचकतं, मग हसतं, आणि त्याच क्षणी मी बटण दाबते. म्हणून ते कधी दुरुस्त केलं नाही.

माझे यजमान सेईगो हे तात्सुमीया स्टोअरच्या गच्चीवर बावीस वर्षं नोकरीला आहेत. त्यांच्या कामात बोट दाखवून मोठ्यानं बोलायची पद्धत आहे. जे तपासायचं त्याच्याकडे बोट करायचं, डोळ्यांनी नीट पाहायचं, आणि दिसेल तेच तोंडानं म्हणायचं. “कडी. लागली. ठीक.” सुरुवातीला मी ह्याला फार हसायचे. पण एकदा एक म्हातारी फोटो काढून झाल्यावर पडद्यामागे बाकड्यावर पेंगली, आणि मी बाहेरून कुलूप लावून गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात गेले. तासाभरानं आले तर ती बिचारी अंधारात बसून होती. त्या दिवसापासून मीही रोज संध्याकाळी बोट दाखवून बोलते. “दिवे. बंद. ठीक. दार. कुलूप. ठीक. बाकडं. रिकामं. ठीक.” आतल्या खोलीत जेवत असलेले सेईगो तिथूनच “ठीक!” म्हणतात. मुलं शिकायला ओसाकाला गेल्यापासून एवढाच काय तो आमच्या घरातला गलका.

तर त्या वर्षी, म्हणजे शोवा अठ्ठावन्न, इंग्रजी त्र्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात, माझ्या मनात शंकेची पाल पहिल्यांदा चुकचुकली ती एका रिळावरून.

तात्सुमीयाच्या गच्चीवर पोरांसाठी खेळणी आहेत. नाण्यावर चालणारे पांडा, छोटी आगगाडी आणि आठ डब्यांचा आकाशपाळणा. गुरुवारी स्टोअर बंद असतं, म्हणून बुधवारी संध्याकाळी गच्ची रिकामी झाली की सेईगो आकाशपाळणा तपासतात. त्यांची एक स्वतःची युक्ती आहे. प्रत्येक डब्याच्या तळाला एकेक दिवा आहे. गच्चीतले बाकीचे दिवे मालवायचे, कॅमेरा तिकाटण्यावर ठेवायचा, रिकामा पाळणा फिरता ठेवायचा आणि कॅमेऱ्याचा डोळा तीस सेकंद उघडा ठेवायचा. पाळण्याला एका फेरीला चार मिनिटं लागतात, म्हणजे तीस सेकंदांत प्रत्येक डबा पुढच्या डब्याच्या जागी पोचतो. फोटोत डबे दिसत नाहीत, माणसं दिसत नाहीत, हललेलं काहीच दिसत नाही. दिसतात फक्त दिव्यांच्या आठ रेघा. टोकाला टोक लावून त्या नीट जुळल्या आणि चक्र पूर्ण झालं की पाळणा ठणठणीत. एखादी रेघ जागची सरकलेली दिसली, तर त्या डब्याचं काहीतरी बिघडलंय.

जुलैत गंमत म्हणून त्यांनी एकदा हिगाकी बाईंना एका डब्यात बसवून फोटो काढला होता. हिगाकी बाई गच्चीवर उदोन शेवयांची टपरी चालवतात. विधवा आहेत, माझ्याहून चार वर्षांनी लहान, अंगानं भरलेल्या. त्या समुद्राकडच्या बाकावर एकट्या बसल्या, त्यांच्या वजनानं डबा तिकडे कलला आणि तळचा दिवा उलट गावाच्या बाजूला गेला. फोटोत त्यांची रेघ तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली आली. “वहिनी, हे बघून उद्यापासून मी एकच वाटी भात खाणार,” असं म्हणत त्या किती तरी वेळ हसत होत्या.

ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारचं रीळ मी धुतलं, तेव्हा सहा नंबरची रेघ सरकलेली होती. गावाच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढी.

“अहो, सहा नंबरला कोण बसलं होतं?” मी विचारलं.

“कुणी नाही.” त्यांनी फोटो हातात घेतला, पाहिला आणि पालथा ठेवला. “खिळा जाम झाला असेल. बघतो.”

पुढच्या बुधवारी त्यांनी खिळा बदलला, तेल घातलं. रेघ तशीच. त्याच्या पुढच्या बुधवारीही तशीच. एरवी फोटो आला की माझ्या खांद्यावरून वाकून भिंग लावून बघणारा माणूस आता विचारीना सुद्धा. रात्री कूस बदलत राहायचा. पानात वाढलेलं अर्धं टाकून उठायचा. आणि घरातली जांभळी उशी, पाहुणा आला की आम्ही बसायला देतो ती, नाहीशी झाली होती. मी कपाटं उपसली. सेईगो म्हणाले, “सापडेल कुठेतरी.”

कुठेतरी पाणी मुरत होतं. चोवीस वर्षांच्या संसारात नाकासमोर चालणारा माणूस, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. पाळणा फिरताना समुद्राकडच्या बाकावर कुणीतरी बसत होतं, आणि ते कोण हे माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं. मला बाकी काही नको होतं. फक्त तो माझ्याशी खोटं बोलतोय की नाही, एवढंच हवं होतं.

सोमवारी दुपारी मी गच्चीवर गेले. गर्दी नव्हती. हिगाकी बाई कांदापात चिरत होत्या. मी एक वाटी उदोन मागितलं आणि ताकाला जाऊन भांडं न लपवता विचारलं, “बुधवारी तुम्ही किती वाजता निघता हो?”

“पावणेसहाच्या बोटीनं. ओशिमाला जायला त्यानंतरची फार उशिरा आहे. का हो, वहिनी?”

“सहज.”

“तुम्ही सहज कधी काही विचारत नाही.” त्यांनी सुरी खाली ठेवली. “मी सांगू? मला वाटायचं बुधवारी तुम्हीच येता वर.”

“मी कशाला येऊ?”

“मी निघताना ओची साहेब माझ्याकडून थर्मासमध्ये दोन चहा भरून घेतात. शुक्रवारी मी येते तेव्हा एक पेला रिकामा असतो. दुसरा भरलेला, गार.” त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. “मी म्हटलं, नवराबायकोचं काहीतरी असेल. रुसवाफुगवा.”

मी म्हटलं, “रुसायला आता वय राहिलंय का?”

त्या हसल्या नाहीत. “आणि दुसरं म्हणजे, सहा नंबर आतून पुसायचं मी सोडलंय. त्यांना सांगून टाकलंय, तुमचं तुम्ही पुसा.”

“का?”

“पुसताना माझ्या तोंडून ‘जरा सरका’ निघतं.” त्यांनी पुन्हा सुरी उचलली. “दोनदा निघालं. मला कळलंसुद्धा नाही. खा, वहिनी, गार होतंय.”

माझ्या डोक्यातून हिगाकी बाई तेव्हाच गेल्या. पण दोन चहा काही गेले नाहीत.

त्या बुधवारी सव्वासहाला मी दुकान मिटलं, माझा स्वतःचा कॅमेरा घेतला, माझ्या हातानं नवं रीळ भरलं आणि मागच्या जिन्यानं सहा मजले चढून गेले. सेईगोंना काही कळवलं नव्हतं. पाण्याच्या टाकीआड उभं राहिलं की पाळणा समोर दिसतो. पलीकडे बंदर, ओशिमा बेटाहून परतणाऱ्या बोटीचे दिवे. वारा पडलेला होता. कुठूनतरी मासळी भाजल्याचा वास येत होता.

सेईगो टोपी आणि पांढरे हातमोजे घालून पाळण्यासमोर उभे होते. एकेक डबा खाली आणायचा, दार उघडायचं, आत पाहायचं, बोट दाखवायचं.

“एक नंबर. रिकामा. ठीक.”

“दोन नंबर. रिकामा. ठीक.”

बावीस वर्षांत घोटलेला आवाज. पाच नंबरपर्यंत तो एका पट्टीत गेला. सहा नंबर खाली आला. त्यांनी दार उघडलं, आत बघितलं, हात वर केला.

“सहा नंबर.”

बोट तसंच राहिलं. मी मनातल्या मनात पुढचा शब्द म्हटलासुद्धा.

“ठीक,” ते म्हणाले. मग चहाचा एक पेला आत ठेवून दार लावलं.

मी टाकीआडून पुढे आले. “रिकामा का नाही म्हणालात?”

ते दचकले नाहीत. उलट त्यांचे खांदे जरा खाली आले. “आलीस,” म्हणाले. “बरं झालं.”

“मी विचारलं त्याचं सांगा.”

“तोंडातून निघत नाही.”

मी स्वतः दार उघडलं. आत दोन बाकं, मध्ये पाऊलभर जमीन. गावाकडचं बाक मोकळं. समुद्राकडच्या बाकावर आमची जांभळी उशी, नीट चौकोनात ठेवलेली. बाकाच्या कडेला चहाचा पेला, वाफ येत असलेला. बाकी काही नाही. बाकाखाली वाकून बघितलं, तिथेही काही नाही.

“ही उशी मी घरभर शोधली.”

“थंडी पडायला लागली ना.”

“कुणाला?”

ते हातमोजे काढू लागले. मग मी जे महिनाभर गिळलं होतं ते विचारलं, “कुणी बाई आहे का हो?”

“मला ठाऊक नाही,” सेईगो म्हणाले. “बाई, पुरुष, काहीच ठाऊक नाही. दिसत काही नाही, ऐकू काही येत नाही. सप्टेंबर संपता संपता एकदा बोट दाखवलं आणि ‘रिकामा’ म्हणायला गेलो, तर खोटं बोलतोय असं वाटलं. फुसाए, ह्या पाळण्यावर कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मी कुणाला आत विसरलेलो नाही. सगळ्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. तरी शब्द निघत नाही.”

“आणि चहा?”

“कुणी बसलंय असं वाटत असताना एकट्यानं कसा प्यायचा?”

मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. चिडले मात्र. म्हटलं, हा माणूस एकतर मला बनवतोय, नाहीतर स्वतःला. त्यांच्या पेटीतली पाणसळ घेतली आणि सहा नंबरच्या जमिनीवर ठेवली. बुडबुडा बरोबर मध्यावर. डबा सरळ होता. मग मी माझं तिकाटणं लावलं, त्यांना हात लावू दिला नाही. पाळणा फिरू लागला, मी बटण दाबलं आणि तीस सेकंद नुसत्या डोळ्यांनी सहा नंबरकडे बघत राहिले. काचेत गावाचे दिवे सरकत होते. आत कुणी नव्हतं. हे मी कोर्टात सांगेन.

घरी येऊन मी रीळ धुतलं. माझा कॅमेरा, माझं रीळ, माझं रसायन. सहा नंबरची रेघ तांदळाच्या दाण्याएवढी सरकलेली होती.

सेईगो दारात उभे होते. मी निगेटिव्ह त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दिव्यासमोर धरलं आणि परत दिलं. “वीस नोव्हेंबरला मात्सुयामाहून तपासनीस येणार आहे,” ते म्हणाले. “आठही डबे मी स्वतः तपासले, रिकामे आणि निर्दोष आहेत, असं लिहून खाली शिक्का मारायचा असतो. मला ते जमणार नाही. मी राजीनामा देतो.”

“निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमच्या.”

“न पाहिलेलं मी बावीस वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही.”

“मग पाहिलंत ना रिकामं?”

“पाहिलं. म्हणता येत नाही.”

त्या रात्रीही ते झोपले नाहीत. पुढच्या चार-पाच दिवसांत त्यांच्या गालाची हाडं वर आलेली मला दिसली. नवरा खोटारडा नाही हे मला कळलं होतं, म्हणजे हवं होतं ते मिळालं होतं. आता मला तो धड हवा होता. त्या डब्यात काही नाही, हे त्यांना पटवायचं, बस. आणि नाही पटलं तर निदान मला तरी पटायला हवं होतं. विचार केला, एवढा साधा उपाय सुचला कसा नाही? मी स्वतः आत बसते. मी गावाकडच्या बाकावर बसले की डबा माझ्याकडे कलणार आणि रेघ समुद्राकडे सरकणार. दर वेळी गावाकडे सरकलेली रेघ ह्या वेळी उलटी सरकली, की खिळा जाम, वारा, जमिनीचा उतार, काय ते एक कारण सापडेल. अठ्ठावन्न किलो वजन आहे माझं. निगेटिव्ह त्याला नाही म्हणू शकत नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या बुधवारी मी वर गेले. सेईगो म्हणाले, “नको.”

“तुम्ही फोटो काढा. बाकीचं माझ्यावर सोडा.”

“फुसाए, गावाकडेच बस. त्या बाजूला नको.”

“मला काय हौस आहे?”

त्यांनी बाहेरून कडी लावली, बोट दाखवलं, “कडी. लागली. ठीक.” गच्चीचे दिवे गेले. डबा हलला.

मी पाय जवळ घेऊन बसले. समोर उशी. खिशात संत्रं होतं, दुपारी शेजारणीनं दिलेलं. ते काढून मी जमिनीवर दोन पावलांच्या मध्ये ठेवलं. म्हटलं, फोटो बाजूला राहू दे, हे गडगडलं की डोळ्यांनाच कळेल.

गच्चीचा कठडा खाली गेला. हिगाकी बाईंची बंद टपरी खाली गेली. सेईगोंची टोपी एवढीशी झाली.

वर थंडी जास्त होती. काचेवर माझ्याच श्वासाचं धुकं आलं. समोरच्या काचेकडे मी पाहिलं नाही.

पाळण्याची जुनी कुरकुर चालू होती. त्याशिवाय काही आवाज नाही.

मी खाली बघितलं. संत्रं होतं तिथेच होतं, माझ्या दोन्ही पावलांच्या बरोबर मध्ये. मला एकदम हायसं वाटलं. जमीन सपाट आहे, म्हणजे समोर कोणी नाही. एवढ्यासाठी ह्या माणसानं जिवाला घोर लावून घेतला होता.

डबा माथ्यावर गेला. बंदरातली बोट सुटत होती.

आणि मला राग आला. महिनाभर माझा नवरा जेवला नाही, झोपला नाही, मी हिगाकी बाईंसारख्या बाईवर संशय घेतला, आणि कशापायी, तर ह्या उशीपायी. डबा खाली येता येता मी उठले, उशी उचलून काखेत मारली. “पुरे झालं,” मी म्हटलं. “ह्या गारठ्यात बसण्यापेक्षा घरी चला.”

कुणाला म्हटलं? उशीला म्हटलं. माणूस रागात भांड्याला बोलतं, मांजराला बोलतं, तसं.

सेईगोंनी दार उघडलं. मी उतरले. पाळण्याच्या पायऱ्या अरुंद आहेत म्हणून जरा बाजूला होऊन उभी राहिले. सेईगो वाकले, आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी हात वर केला.

“सहा नंबर,” ते म्हणाले. “रिकामा.”

आणि थांबले. माझ्याकडे वळले, तर त्यांचे डोळे भरले होते. “ठीक,” ते म्हणाले. आवाज पार बंदरापर्यंत गेला असेल.

त्या संध्याकाळी त्यांनी तीन वाट्या भात खाल्ला. मी काखेतली उशी दुकानात बाकड्यावर टाकली होती, हातात भाजीची पिशवी होती म्हणून. नऊच्या आत ते घोरायला लागले. मी अंथरुणात पडून ते घोरणं ऐकत होते. इतकं गोड मला बरेच दिवसांत काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रीळ धुतलं.

आठही रेघा टोकाला टोक लावून जुळल्या होत्या. चक्र पूर्ण होतं. मी भिंग घेतलं. सहा नंबरची रेघ पाचाच्या टोकाला मिळत होती, साताच्या टोकाला मिळत होती. केसाएवढीही फट नव्हती.

क्षणभर बरं वाटलं. मग मी खुर्चीवर बसले.

मी आत होते. अठ्ठावन्न किलो. एकटी, गावाकडच्या बाकावर. रेघ समुद्राकडे सरकायला हवी होती. संत्रं गडगडत माझ्या बाकाखाली यायला हवं होतं. डबा सरळ राहतो तो एकाच वेळी. समोरासमोर दोघं बसले की.

सेईगोंनी आतून विचारलं, “कसा आलाय गं?”

“एकदम नीट,” मी म्हटलं. “आठही जुळल्यात.” ते खरंच होतं. त्यांना एवढ्यानं पुरलं. भिंग घेऊन बघायला काही ते आले नाहीत, आंघोळीला गेले, गुणगुणत.

मी निगेटिव्ह पाकिटात घालून सगळ्यात खालच्या खणात ठेवलं.

वीस तारखेची तपासणी पार पडली. त्याआधीच्या बुधवारचा फोटोही निर्दोष होता. सेईगोंनी आठ ठिकाणी शिक्के मारले आणि तपासनिसाला हिगाकी बाईंच्या टपरीवर उदोन खिलवलं. बाई सहा नंबर आता पुसतात. तोंडून काही निघत नाही म्हणाल्या. त्यांनी मला डाइकोन मुळ्याचं लोणचं पाठवलं. मला बघून सगळे हसत होते आणि मीही हसत होते.

एकवीस तारखेला दुपारी परीक्षेच्या अर्जासाठी फोटो काढायला एक मुलगी आली, त्या बुधवारनंतर पडद्यामागे बसायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक. मी तिला नेहमीप्रमाणे खिडकीकडच्या टोकाला बसायला सांगितलं, उशी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली, आणि ठक्‌ची वाट बघत बटणावर बोट ठेवलं. ती बसली. बाकडं वाजलं नाही. “काकू, काढलात का?” तिनं विचारलं. फोटो ताठ आला. ती उठली, तेव्हाही वाजलं नाही.

ती गेल्यावर मी वाकून पाहिलं. आखूड पाय जमिनीला टेकलेला होता. मी ते टोक दोन्ही हातांनी वर उचललं आणि सोडलं. ते आपलं सावकाश खाली आलं आणि टेकलं.

मी उशी पुन्हा खिडकीकडच्या टोकाला ठेवली. का, ते विचारू नका. पाहुणा आला की आपण देतोच ना.

सेईगोंना काही सांगितलं नाही. महिनाभर त्यांनी माझ्यापासून एवढं का लपवलं, ह्यावरून मी त्यांना केवढं बोलले होते. पण आता त्यांच्या गालावर जरा मांस चढलंय. रात्री घोरतात. कोण बिघडवील ते?

संध्याकाळ झाली. आत त्यांचं जेवण चालू होतं. मिसो सूपचा वास येत होता, वाटीवर जेवायच्या काड्यांचा आवाज. मी दुकान आवरायला उठले.

“दिवे. बंद. ठीक.”

“ठीक!” आतून.

“दार. कुलूप. ठीक.”

“ठीक!”

पडदा बाजूला केला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून बाकड्यावर पडला होता. बाकडं, उशी, मागची करडी भिंत. मी बोट दाखवलं. डोळ्यांनी नीट पाहिलं.

“बाकडं,” मी म्हटलं.

पुढचा शब्द जिभेवर होता, इतके दिवस सवयीनं निघत आलेला. मी दोनदा तोंड उघडलं.

“ठीक,” मी म्हटलं.

आतून उत्तर आलं नाही. वाटीवरच्या काड्यांचा आवाज थांबला होता.